जोडावरचा गिलावा

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या रंगखान्यात कामावर येणारा प्रत्येक माणूस आधी मागच्या आवारात डोकावून कोळशाचा ढीग किती उरलाय ते बघायचा आणि मगच पंचा गुंडाळून कामाला लागायचा. ढीग भिंतीच्या कितव्या विटेपर्यंत उतरलाय हे सगळ्यांना पाठ असायचं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मोडनिंबहून डिप्लोमासाठी सोलापुरात आलो, तो पुरा केला आणि या रंगखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो, त्याला आठ-नऊ महिने झाले होते. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांचं सूत आमच्याकडे रंगायचं. सुताच्या लडी उकळत्या रंगाच्या हौदात बुडवायच्या, काढायच्या, पुन्हा बुडवायच्या, मग गार पाण्याच्या हौदांत धुवायच्या. कामगार साठएक होते. बहुतेक शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे, बापजाद्यांपासून सुतात हात असलेले.

रंग उकळायला वाफ लागायची. बॉयलर मागच्या आवारात होता, रंगाचे हौद पुढच्या शेडमध्ये, आणि मध्ये उघडं अंगण. त्या अंगणावरून, दीड पुरुष उंचीवरून, वाफेचा लोखंडी पाइप गेला होता. लडी धुवायचे हौद बरोबर त्याच्याखाली. पाइपावर काहीही आवरण नव्हतं. कामगार काठीनं ओला पंचा त्यावर टाकायचे आणि तंबाखू मळून होईपर्यंत तो वाळलेला असायचा. वर ऊन, डोक्यावर तो पाइप. मे महिन्यात तिथं उभं राहिलं की कानशिलं ठणकायची.

रेल्वेचा संप होणार अशी बोलणी चालली होती. वॅगन आधीच वेळेवर येत नव्हत्या. होटगीच्या यार्डात आपला कोळसा अडकलाय असं कुणीतरी सांगायचं, मालक माणूस पाठवायचे आणि तो संध्याकाळी हात हलवत परत यायचा. एका सकाळी मालकांनी मला, कामगारांवरच्या मुकादमाला म्हणजे जॉबरला आणि बॉयलरच्या फायरमनला ऑफिसात बोलावलं. टेलिफोनवर ते कानडीत कुणावर तरी ओरडत होते. रिसीव्हर आपटला आणि मराठीत म्हणाले, "ढीग संपला की बॉयलर बंद. बॉयलर बंद म्हणजे सगळ्यांनी घरी बसायचं. लोकांना सांगून ठेवा."

मला काय सुचलं कोण जाणे, मी बोलून गेलो, "मालक, आपला कितीतरी कोळसा नुसतं अंगण तापवतोय."

"म्हणजे?"

"पाइप उघडा आहे. मोठ्या गिरण्यांत पाइपांवर जाड लेप असतो. आतली गरमी आत राहते, कोळसा कमी लागतो."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. ते मला नावानं हाक मारत नसत. "मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का, डिप्लोमा? कुठं मिळतो तो लेप?"

तो मुंबईहून यायचा आणि संपात तो येणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, बघतो. बाहेर पडताना फायरमननं मला अडवलं. पन्नाशीचा माणूस, भुवया भट्टीच्या झळांनी करपलेल्या, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारा. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. तो म्हणाला, "वीस वर्षं मी कोळसा टाकतो. मी कोळसा वाया घालवला असं बोललास तू मालकासमोर." मी म्हटलं, मामा, तसं नाही. पण तो निघून गेला होता.

मी राहायचो ती खोली धाब्याच्या घरात होती. लाकडी तुळया, त्यावर बारीक लाकडांची किलचण आणि वर हातभर पांढरी माती. बाहेर जीव नकोसा व्हायचा तेव्हाही आत पाय ठेवला की बरं वाटायचं. पावसाळ्याआधी घरमालक धाब्यावर नवी माती घालून घ्यायचा आणि त्या कामाला सांगोल्याकडची एक बाई यायची. साठीला आलेली, काटक, कासोटा घट्ट मारलेला. तिच्या घरची मेंढरं होती; मुलगे ती घेऊन वर्षातले कितीतरी महिने रानोमाळ हिंडायचे आणि ही शहरात मातीकाम करायची. त्या संध्याकाळी ती धाब्यावर माती बडवत होती. मी जिना चढून वर गेलो आणि विचारलं, "मावशी, तापलेल्या लोखंडावर माती टिकेल का?"

ती हसली. "चुलीवरच्या तव्याला लावायची हाय व्हय?"

मी पाइपाचं सांगितलं. तिनं हातातलं बडवणं खाली ठेवलं आणि नीट ऐकून घेतलं. पाइप केवढा, किती तापतो, रात्री गार होतो का, खाली कोण असतं. मग म्हणाली, "नुसती माती फुटंल. लोकर घालाया लागंल. मेंढराची राठ लोकर, कातरून बारीक. आन भुसा. उद्या येते, बगते."

दुसऱ्या दिवशी ती आली. पण मला घाई झाली होती. पांढरी माती, भुसा, शेण, तिनं आणलेली लोकर असा चिखल तिनं तुडवला, आणि मी दोन गड्यांना सांगितलं की एकदमच चार बोटं जाड थापा. ती नको म्हणत होती. दुपारी वाफ सोडली. तासाभरात गिलाव्याला भेगा पडल्या आणि परातीएवढा तुकडा धुवायच्या हौदात पडला. स्वच्छ पाण्यात चिखल. कामगार आधी दचकले आणि मग मोठ्यानं हसले. सगळ्यात पुढे होता एक तरुण, नुकतंच लग्न झालेला, लडी धुवायच्या पहिल्या हौदावर काम करणारा. तो हात जोडून म्हणाला, "सायेब, सूत रंगवायचं हाय, लिंपायचं न्हाय!" बॉयलरच्या दारात उभा राहून मामा शांतपणे बघत होता.

मावशीनं मला बाजूला घेतलं. "माती घाईची न्हाय वो सायेब. पाइप कोमट असताना आधी पातळ लेप द्याचा, ताकासारका. त्यो धरला की दुसरा. असं चार-पाच डाव. तुमी मला करू द्या की."

मी तिला करू दिलं. आठवडाभर पहाटे भट्टी पेटताना, पाइप हाताला जेमतेम सोसेल इतका कोमट असताना, ती शिडीवर चढायची आणि हातानं एकेक लेप द्यायची. शेवटच्या लेपात गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायची, त्यावर चुना. काम कुठंही फुटलं नाही. एक दिवस मालक आले, शिडीवर चार पायऱ्या चढले आणि लिंपलेल्या पाइपावर तळहात ठेवला. वाफ पूर्ण दाबानं चालू होती. त्यांनी हात काढला नाही. तसाच ठेवून आमच्याकडे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू मी पहिल्यांदा बघितलं.

पाइपाला ठिकठिकाणी जोड होते. दोन चकत्या, मध्ये पॅकिंग, भोवती नटबोल्ट. मावशीनं प्रत्येक जोडापाशी वीतभर जागा मोकळी सोडली होती. मीच तिला तसं सांगणार होतो, पण सांगायची वेळच आली नाही. ती म्हणाली, "जिथं जोड हाय तितं गळती व्हनार. धाब्यावर बी आमी पन्हाळीचं तोंड लिंपत न्हाय." आमच्या मास्तरांनीही वर्गात हेच शिकवलं होतं. जोड उघडा ठेवा, म्हणजे गळला की दिसतो.

मग संप सुरू झाला.

वॅगन यायच्या बंद झाल्या. ढीग रोज एक-एक वीट खाली जात होता. गिलाव्यानं कोळसा वाचत होता हे खरं. मामा सकाळपासून भट्टीत टाकलेल्या प्रत्येक घमेल्यामागे भिंतीवर खडूची रेघ ओढायचा आणि रेघा कमी झालेल्या मला दिसत होत्या. त्यालाही दिसत होत्या. तरीही संप किती दिवस चालेल हे कुणालाच माहीत नव्हतं. कामगारांच्या बायका दुपारी डबा घेऊन आल्या की त्याही मागे डोकावून जायच्या.

शनिवारी मालक पुन्हा अंगणात आले. उघड्या जोडाखाली उभे राहिले आणि हात वर केला. "इथं भाजतंय, डिप्लोमा. इथूनच माझा कोळसा चाललाय. हे का सोडलं?"

"जोड आहेत मालक. गळले तर कळायला पाहिजे."

"गळेल तेव्हा बघू. आत्ता एकेक टोपली मोलाची आहे. सगळं झाकून टाका. सोमवारी मला एकही उघडी जागा दिसता कामा नये." जाता जाता म्हणाले, "तुम्हीच सुचवलंय हे. आता अर्धवट सोडू नका."

मावशी अंगणातच चिखल तुडवत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे गेलो. तिनं मान हलवली. "मी न्हाय जोडावर लिंपनार. लई चुकीचं हाय ते."

"मालकांचा हुकूम आहे, मावशी."

"मग मालकास्नी म्हनावं, या आन लिंपा." आणि पायातला चिखल धुऊन ती त्या दिवशीचं काम टाकून गेली.

जोड झाकायचं काम मी स्वतः का केलं, याचं उत्तर मी पुढं कितीदा शोधलं. भीती होती, हे खरं. पण सोमवारी मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवावा असंही मला वाटत होतं. लिंपलेल्या पाइपावर तळहात ठेवून ते हसले होते, ते माझ्या डोक्यात गेलं होतं.

रविवारी कारखाना बंद होता. मी एकटा आलो. शिडी लावली. झाकलेल्या टोपलीत मावशीचा चिखल ओलाच होता. एकेक जोड लिंपत गेलो. धुवायच्या पहिल्या हौदावरचा जोड सगळ्यात जुना होता. मामा महिन्या-दोन महिन्यांनी तो पान्यानं आवळायचा, हे मला ठाऊक होतं. मी बोटं फिरवली. खालच्या बोल्टापाशी बोटांना ओल लागली. आदल्या दिवशीच्या वाफेचं पाणी असेल, असं मी मनाशी म्हटलं. म्हटलं आणि त्यावर चिखल थापला. वर गोणपाट, त्यावर चुना. दुपारी दोनला खाली उतरलो तेव्हा पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढराशुभ्र दिसत होता.

सोमवारी मालक खूश झाले. त्यांनी पेढे मागवले. मामानं पेढा घेतला, पाइपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तो जोड पण झाकलास?" मी म्हटलं, मालकांनी सांगितलं. त्यानं पेढा न खाता फडक्यात बांधला.

बुधवारी चुन्यावर एक डाग दिसला. रुपयाएवढा, चहाच्या रंगाचा. ओला गिलावा वाळताना डाग पडतात, मी स्वतःला समजावलं. त्या दिवशी मी अंगणातून किमान वीस वेळा गेलो असेन आणि प्रत्येक वेळी वर न बघता गेलो. गुरुवारी तो ताटलीएवढा झाला. गोणपाट तिथं फुगलेलं दिसत होतं. पहिल्या हौदावरच्या त्या तरुणानं मानेवर हात फिरवला आणि हसून म्हणाला, "सायेब, तुमचा पाइप घामेजला की." त्याच्या मानेवर गरम थेंब पडला होता.

तेव्हा मात्र मला उमगलं. आत पॅकिंग फुटलं होतं. जोड उघडा असता तर थेंब थेंब गळला असता, मामानं बघितलं असतं, आवळला असता. आता वाफ चिखलाच्या आत कोंडली होती आणि चिखल आतून मऊ होत होता.

मी ऑफिसात धावलो. मालकांसमोर कुणीतरी व्यापारी बसला होता. मी म्हटलं, "मालक, वाफ बंद करायला पाहिजे. अंगणातला जोड गेलाय."

"किती गेलाय?"

"आत दिसत नाही. झाकलाय ना."

त्यांनी घड्याळ बघितलं. "हौदात लाल रंग चढतोय. आत्ता वाफ तोडली तर सगळा माल डागी होईल, पुन्हा उकळायला कोळसा कुठला आणू? जेवणाच्या भोंग्यापर्यंत दम धरा. पाऊण तासाचा तर प्रश्न आहे."

मी परत अंगणात आलो. डागाच्या मध्यातून पाण्याची बारीक धार लागली होती. हौदांवर आठ माणसं वाकून लडी धूत होती. मी म्हटलं, "सगळे बाजूला व्हा. शेडमध्ये चला."

जॉबर पुढं आला. "का हो? मालकांनी सांगितलंय का?"

"मी सांगतोय."

"पाण्यातल्या लडी टाकून? रंग एकात एक उतरला म्हणजे कुणाला धरायचं? कारण सांगा की."

सगळे कामगार माझ्या तोंडाकडे बघत होते. कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं ते मला कळत होतं. मी म्हटलं, "हा जोड मी झाकलाय. माझ्या हातानं. त्याच्यातून तेव्हाच ओल येत होती. आता आत फुटलाय. खालून हला, पाया पडतो."

एक क्षण कुणी हललं नाही. मग बॉयलरच्या दारातून मामाची हाक आली, तेलुगूत, आणि ती ऐकताच सगळे हौद सोडून शेडकडे पळाले. मामा स्वतः वाफ बंद करायच्या मुख्य चाकाकडे धावला आणि ते फिरवायला लागला. ते चाक मोठं होतं, जड होतं, पुष्कळ वेळा फिरवावं लागायचं. मी त्याच्याकडे बघत होतो, म्हणून मागे काय झालं ते मला उशिरा दिसलं. तो पहिल्या हौदावरचा तरुण परत फिरला होता. त्याच्या हौदात लाल लडी आणि पिवळ्या लडी एकत्र राहिल्या होत्या. निदान पिवळ्या बाहेर काढाव्या म्हणून तो वाकला.

गिलावा धप्पकन पडला. आधी चिखल आणि मग कानठळ्या बसवणारी शिट्टी. सगळं अंगण पांढरं झालं. काहीच दिसेना. त्या आवाजातून त्याचं ओरडणं मात्र ऐकू येत होतं. मी आवाजाच्या दिशेनं गेलो, वाकून, जमिनीलगत. माझ्या डाव्या हाताला झळ लागली तेव्हा कळलं की मी हात पुढं केलाय. त्याचा पाय हाताला लागला. तो धरून ओढला. शिट्टीचा जोर कमी होत गेला. मामानं चाक बंद केलं होतं.

त्याचा उजवा खांदा आणि पाठ भाजली होती. बनियन चिकटलं होतं. कुणी म्हणालं शाई लावा, कुणी म्हणालं चुना लावा. तेवढ्यात लोकांना ढकलत मावशी पुढं आली. शनिवारनंतर ती त्या दिवशीच कामावर परत आली होती आणि सकाळपासून बॉयलरच्या पलीकडच्या भिंतीला माती लावत होती. "काय बी लावू नका! पानी आना, पानी!" तिनं बादली घेतली, स्वच्छ हौदातलं गार पाणी काढलं आणि त्याच्या पाठीवर हळूहळू ओतत राहिली. टांगा येईपर्यंत ती ओततच होती. टांग्यात त्याच्याबरोबर मामा बसला. मी चढायला लागलो तर म्हणाला, "तू नको."

दुसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षक येणार असा निरोप आला. मालकांनी मला सकाळीच बोलावलं. समोर टाइप केलेला कागद ठेवला. मी वाचला. मातीकाम करणाऱ्या बाईनं कुणाला न विचारता, अडाणीपणानं, जोडावर गिलावा केला. व्यवस्थापनाला त्याची कल्पना नव्हती. खाली माझ्या सहीची जागा होती आणि तिच्या अंगठ्याची.

मी म्हटलं, "मालक, मी काल सगळ्यांसमोर बोललोय."

"गडबडीत माणूस काहीही बोलतो. कामगार काही कागदावर सही करणार नाहीत. ती बाई आज इथं, उद्या मेंढरांमागं. तिला कोण काय करणार आहे? तुमचं मात्र आयुष्य आहे पुढं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्याही डोक्यावर साठ घरं आहेत, डिप्लोमा. हा कारखाना बंद पडला तर भाजलेल्या माणसाच्या घरालाही कोण बघणार? जा, तिचा अंगठा घेऊन या."

मी कागद आणि शाईचा पॅड घेऊन बाहेर आलो. खोटं वाटेल, पण मी तो घेऊन तिच्याकडे चाललोही होतो. अंगण ओलांडेपर्यंत माझ्या मनात तिला काय सांगायचं ते तयार झालं होतं. कामाची हजेरी आहे, अंगठा द्या. एवढंच.

ती पडलेला चिखल गोळा करून पुन्हा भिजवत होती. मला बघून तिनं हात धुतले, पदराला पुसले. पॅड बघितला. अंगठा पुढं केला आणि मग मागं घेतला.

"वाचून दावा की, काय लिवलंय."

माझ्या जिभेवर हजेरी आली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी कागद उघडला आणि जे लिहिलं होतं तेच वाचलं. शेवटपर्यंत.

वाचून झालं. ती म्हणाली, "आन ह्ये घिऊन तुमी माज्याकडं आलासा?"

मी कागदाची घडी करून खिशात घातली.

"काल तितं खरं बोलला म्हून मला वाटलं, चांगला हाय ह्यो पोरगा." तिनं पुन्हा चिखलात पाय घातले. "जावा आता. मला काम हाय."

मी ऑफिसात गेलो. मालकांच्या टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि त्यांच्यासमोर उभ्या उभ्याच लिहिलं की जोडावर गिलावा मी केला, रविवारी, एकट्यानं. बाईनं नकार दिला होता. मालकांनी जोड झाकायला सांगितलं होतं. आणि ओल मला तेव्हाच दिसली होती. सही केली. मालकांनी तो वाचला. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "शेवटची ओळ लिहायची गरज नव्हती. ती कुणालाच कळली नसती." मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

निरीक्षक दुपारी आला. मालकांच्या टेबलावरून उचलून आणलेला माझा कागद मी त्याच्या हातात दिला. त्यानं मला बरेच प्रश्न विचारले, लिहून घेतलं. पुढं मालकांना काय झालं ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

तिथून मी दवाखान्यात गेलो. वॉर्डात पंखा होता पण वीज गेली होती. तो पालथा झोपला होता, पाठीवर मलमाची जाळी. शेजारी त्याची बायको जमिनीवर बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती. सतरा-अठराची असेल. डोळे सुजले होते. मी थोडा लांबच उभा राहिलो. तिनं विचारलं, "तुम्ही कोण?"

मी सांगितलं, कारखान्यातला सुपरवायझर.

"ते मातीचं... तुम्हीच केलं का?"

"हो."

मला वाटलं, आता ती मला हाकलून देईल, किंवा रडेल. ती उठली, पुठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मग घाला वारा. सकाळपासून माझा हात राहिलाय. मी भाकरी खाऊन येते."

मी तिच्या जागी बसलो. माझा डावा हात पट्टीत होता, म्हणून उजव्यानं घालत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवली, मला ओळखलं. "सायेब," तो म्हणाला, "पिवळ्या लडी निघाल्या का?"

निघाल्या नव्हत्या. मी म्हटलं, निघाल्या.

पुढचे दीड महिने मी रोज दुपारी जात राहिलो. कधी वारा घातला, कधी औषध आणलं, कधी नुसता बसलो. त्याची बायको माझ्याशी फारसं बोलली नाही, पण मी गेलो की पुठ्ठा द्यायची. संप मिटला. वॅगन आल्या. रंगखान्यातला ढीग संपायच्या आत कोळसा पोचला, असं मामानं मला दवाखान्याच्या दारात सांगितलं. कोळशावाचून एक दिवसही कारखाना बंद राहिला नाही. मामानं मालकांना बजावलं होतं की मातीकाम पुरं करायला हीच बाई राहील, नाहीतर तो भट्टी पेटवणार नाही. मावशीनं उखडलेला पाइप पुन्हा लिंपला आणि सगळे जोड पुन्हा उघडे केले.

तो तरुण बरा झाला, पण ओल्या लडीचं वजन उजव्या खांद्याला पुन्हा पेलवलं नाही. घरी बसून सूत गुंडाळून कांड्या भरायचं काम त्यानं धरलं. मला पावसाळ्यानंतर जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी मिळाली. मुलाखतीत आधीची नोकरी का सुटली असं विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. समोरच्या इंजिनिअरनं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "आमच्याकडं पाइप खूप आहेत. सोमवारपासून या."